पाने गाडीच्या मापाचे हवेत

बाजारात शंभर नगांच्या हत्यारपेट्या मिळतात. मोटरसायकलवर त्यातले बहुतेक नग नुसते ओझे होतात. जपानी वळणाच्या बहुतेक गाड्यांची वरवरची कामे 8, 10, 12 आणि 14 मिमीच्या पान्यांत उरकतात. मागच्या चाकाचा नट तेवढा मोठा असतो, आणि त्याचा पाना नसेल तर बाकीचे असून नसल्यासारखे. म्हणून किट गाडीपाशी बसूनच जमवावे. एकेका नटाला पाना लावून बघावा, घट्ट बसेल तोच ठेवावा. शिवाय पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, प्लगपाना, जादा फ्यूज आणि क्लचची केबल घेतली की पिशवी भरलीच.

हल्ली फोन केला की मदत येते, मग हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण घाटात रेंज गेली की फोनचा उपयोग संपतो, आणि सर्वांत जास्त अडवते ते पंक्चर. ट्यूबलेस टायरमधला खिळा उपसावा, भोक घासून चिकट पट्टी आत ढकलावी, हवा भरावी, गाडी चालू लागते. तारांच्या चाकात मात्र सहसा ट्यूब असते. तिथे ही पट्टी कुचकामी. त्या गाडीला टायर उचकटायच्या पट्ट्या, जादा ट्यूब आणि पंपच लागतो.