श्वास मंदावतोय, मदत किती मिनिटांत पोहोचेल?

घरात कुणी अचानक बेशुद्ध पडलं तर तुम्ही सर्वात आधी काय कराल? तोंडावर पाणी माराल, कांदा हुंगायला द्याल, शेजाऱ्यांना हाक माराल. पण त्या व्यक्तीने हेरॉइन, मॉर्फिन, फेंटॅनिल किंवा तशाच प्रकारचं वेदनाशामक औषध जास्त प्रमाणात घेतलं असेल, तर या धावपळीत गेलेली मिनिटंच तिच्या जिवावर बेततात.

अफूपासून बनलेल्या किंवा अफूसारखंच काम करणाऱ्या पदार्थांना ओपिऑइड म्हणतात. अमेरिकेत २०२१ ते २०२३ या प्रत्येक वर्षी नशिल्या पदार्थांच्या अतिसेवनाने १ लाखाहून अधिक माणसं दगावली आणि त्यातले बहुतेक मृत्यू ओपिऑइडशी संबंधित होते. या संकटाशी झुंजताना तिथल्या पोलिसांना आणि अग्निशमन जवानांना एक नवं काम शिकावं लागलं. त्यांनी शिकलेल्या बऱ्याच गोष्टी तुम्हालाही उपयोगी पडतील.

श्वास का थांबतो?

आपण झोपेत असतानाही श्वास घेत राहतो, कारण मेंदूच्या तळाशी असलेलं केंद्र रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की फुप्फुसांना आदेश देतं. ओपिऑइड नेमकं हेच केंद्र सुस्त करतं. श्वास मंदावतो, मग अडखळतो आणि शेवटी थांबतो. मेंदूला चार ते सहा मिनिटं प्राणवायू मिळाला नाही, तर कायमचं नुकसान व्हायला सुरुवात होते.

यावर नॅलोक्सोन नावाचा उतारा आहे. अमेरिकेत १९७१ मध्ये मान्यता मिळालेलं हे औषध मेंदूत ओपिऑइड जिथे चिकटतं, तिथून त्याला हुसकावून लावतं. दोन-तीन मिनिटांत श्वास परत सुरू होऊ शकतो. शरीरात ओपिऑइड नसेल तर या औषधाने सहसा काही अपाय होत नाही. त्यामुळे शंका असली तरी ते देता येतं.

पोलिसांच्या खिशात औषध

रुग्णवाहिकेच्या आधी अनेकदा गस्तीवरचे पोलीस पोहोचतात. मग औषध फक्त रुग्णवाहिकेतच का? मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या क्विन्सी शहराच्या पोलीस दलाने हा विचार केला आणि ऑक्टोबर २०१० पासून गस्तीवरच्या पोलिसांना नाकात फवारायचं नॅलोक्सोन दिलं. सर्व गस्ती पोलिसांनी ते बाळगलंच पाहिजे असा नियम करणारं अमेरिकेतलं हे पहिलं दल. फेब्रुवारी २०१४ पर्यंत त्यांनी ते २२१ वेळा वापरलं आणि २११ वेळा माणूस शुद्धीवर आला.

सुरुवातीला अनेकांचा आक्षेप होता. औषध देणं हे पोलिसांचं काम आहे का? जीव वाचेल म्हटल्यावर लोक जास्तच नशा करणार नाहीत का? पण जो माणूस आज मेला, त्याला उद्या व्यसनमुक्ती केंद्राची पायरी चढताच येणार नाही. उपचाराची प्रत्येक वाट जिवंत राहण्यापासूनच सुरू होते.

प्रशिक्षणात काय शिकवतात?

हे प्रशिक्षण काही तासांचंच असतं. पहिला धडा ओळखण्याचा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक, ओठ-नखं निळसर किंवा करडी, श्वास अगदी मंद किंवा घोरल्यासारखा गुरगुरता आणि हाक मारली तरी प्रतिसाद नाही, ही मुख्य लक्षणं.

दुसरा धडा क्रमाचा.

• मोठ्याने हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात चोळा.
• प्रतिसाद नसेल तर लगेच रुग्णवाहिका बोलवा.
• हनुवटी वर करून श्वासमार्ग मोकळा करा आणि दर पाच सेकंदांनी एक असा तोंडाने श्वास द्या. श्वास पूर्ण थांबला असेल आणि जिवंतपणाची काहीच खूण नसेल, तर सीपीआर सुरू करा.
• नॅलोक्सोन असेल तर द्या. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस द्या.
• श्वास सुरू झाला की कुशीवर वळवून ठेवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही.

तिसरा धडा सोबत थांबण्याचा. नॅलोक्सोनचा परिणाम ३० ते ९० मिनिटं टिकतो, पण काही ओपिऑइड त्याहून जास्त वेळ शरीरात राहतात. उठून बसलेला माणूस तासाभराने पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. म्हणूनच ‘आता बरं वाटतंय’ म्हटलं तरी त्याला रुग्णालयात न्यायलाच हवं.

चौथा धडा सर्वात अवघड. शुद्धीवर येणारा माणूस आभार मानेलच असं नाही. औषधाने नशा एकदम उतरते, अंग ठणकतं, उलट्या होतात, तो चिडतो, घाबरतो. अशा वेळी गराडा न घालता, ‘तुमचा श्वास थांबला होता, आम्ही मदतीला आलोय’ असं शांतपणे सांगायला शिकवतात. त्याच माणसाला पुढच्या महिन्यात पुन्हा वाचवावं लागलं, तरी आवाजात तिरस्कार येऊ द्यायचा नाही.

भीती आणि वस्तुस्थिती

फेंटॅनिलला नुसता हात लागला तरी माणूस कोसळतो, असं अनेक पोलिसांना वाटत होतं. अमेरिकेतल्या विषविज्ञान तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये स्पष्ट केलं, की मदत करताना अशी विषबाधा होण्याचा धोका अत्यंत कमी आहे आणि नेहमीच्या कामात नायट्राइलचे हातमोजे पुरेसे आहेत. हे शिकवणं गरजेचं असतं, कारण घाबरलेला माणूस हात आखडता घेतो.

आपल्या देशात काय?

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात सुमारे २ कोटी २६ लाख लोक ओपिऑइड घेतात आणि त्यातल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे. या ७७ लाखांपैकी निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यात पंजाब, हरियाणा, दिल्ली, उत्तर प्रदेश, गुजरात यांच्यासोबत महाराष्ट्रही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्येच सांगितलं होतं, की अशी घटना ज्यांच्या डोळ्यांसमोर घडण्याची शक्यता आहे, त्यांच्या हाती नॅलोक्सोन आणि ते वापरण्याचं प्रशिक्षण असावं. आपल्याकडे मात्र ते प्रामुख्याने रुग्णालयात, इंजेक्शनच्या रूपात वापरलं जातं. त्यामुळे ओळखणं, फोन करणं आणि श्वास देत राहणं, ही तुमच्या हातातली कामं जास्तच मोलाची ठरतात.

घरातल्यांनी हे लक्षात ठेवा

• व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा तुरुंगातून परतल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वात धोक्याचे असतात. शरीराची सवय मोडलेली असते. अशा वेळी पूर्वीइतकंच प्रमाण घेतलं तर ते जीवघेणं ठरू शकतं.
• ओपिऑइडसोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतल्या तर श्वास आणखी दबतो.
• घरात कॅन्सरच्या रुग्णासाठी मॉर्फिनच्या गोळ्या किंवा फेंटॅनिलची पट्टी असेल तर ती कुलपात ठेवा. वापरलेली पट्टीही मुलांच्या हाती लागू देऊ नका. डॉक्टरांनी दिलेलं औषध मात्र भीतीपोटी स्वतःहून बंद करू नका.
• बेशुद्ध माणसाला दूध, मिठाचं पाणी पाजू नका, उलटी करवू नका, थंड पाण्याखाली बसवू नका आणि ‘झोपू दे, उतरेल’ म्हणून एकटं सोडू नका.
• आणीबाणीत ११२ किंवा १०८ वर फोन करा आणि काय घेतलं असावं ते न लपवता सांगा. व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी १४४४६ हा टोल फ्री क्रमांक आहे.

‘लोक काय म्हणतील’ या विचाराने अनेक घरांत दार आधी लावून घेतलं जातं आणि फोन नंतर केला जातो. तुमच्या घरी असं काही घडलं तर दार उघडं ठेवा, फोन आधी करा. आणि मदत येईपर्यंत त्याच्या शेजारी बसून त्याचे श्वास मोजत राहा. तोपर्यंत त्याच्यासाठी पहिले मदतनीस तुम्हीच आहात.