गोसेच्या पाण्याचा हिशेब

२२ एप्रिल १९८८ रोजी तेव्हाचे पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते वैनगंगेवरच्या गोसे धरणाचं भूमिपूजन झालं, तेव्हा कागदावरचा खर्च होता ३७२ कोटी. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांची मिळून अडीच लाख हेक्टर जमीन त्यातून भिजायची होती. म्हणजे हेक्टरी साधारण १५ हजार रुपये. आज सुधारित खर्च २५ हजार कोटींच्या पुढे गेला आहे, म्हणजे हेक्टरी दहा लाख. त्या दिवशी आईच्या कडेवर असलेली पोरं आता चाळिशीला आली.

एवढा सगळा पैसा कुणी खाल्ला, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते पुरेसं नाही. महागाई वाढली, भूसंपादनाचे दर वाढले, विस्थापितांना २०१३ साली जवळपास १,२०० कोटींचं विशेष पॅकेज मिळालं. ते मिळायलाच हवं होतं, उशिराच मिळालं. पण खरं दुखणं वेगळं आहे. १९९७ साली विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ आलं आणि एकाच वेळी अनेक प्रकल्प हाती घेतले गेले. तिजोरीत पैसा थोडा आणि निविदा भरपूर. प्रत्येक कामाला चिमूटभर निधी, म्हणून कुठलंच काम पुरं होईना. रखडलं की दर वाढले, दर वाढले की पुन्हा सुधारित मान्यता. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, केंद्राचं ९० टक्के अनुदान ठरलं, तरी हे चक्र थांबलं नाही. डाव्या नहरीच्या अस्तरीकरणाला तडे गेले, सिंचनाच्या कामांची चौकशी करणाऱ्या चितळे समितीचा अहवाल आला, घोडाझरी शाखा कालव्याच्या कामावर गुन्हे दाखल झाले. चौकशांच्या फायली जाडजूड झाल्या, पाटचाऱ्या मात्र अपुऱ्याच राहिल्या.

हे सगळं धानाच्या बांधीत उभं राहिलं की कळतं. सप्टेंबरअखेर धान निसवायला लागतं आणि नेमका तेव्हाच पाऊस दडी मारतो. एका पाण्याचा प्रश्न असतो. मोठी नहर शेतावरून दिसते, पण तिच्यातून बांधीपर्यंत येणारी पाटचारी झालेलीच नसते. मग शेतकरी भाड्याने डिझेल इंजिन आणतो, पाइप टाकतो आणि कर्जाने पाणी उपसतो. सरकारने कर्ज काढून पाणी आणलं, ते शेवटच्या दोनशे हातांसाठी शेतकऱ्याने पुन्हा कर्ज काढायचं!

ज्यांची गावं बुडाली त्यांचा हिशेब याहून कठीण. सुरुवातीच्या तुटपुंज्या दराने हातात आलेला मोबदला घर बांधण्यात आणि लेकीच्या लग्नात संपला. नव्या गावठाणात अठरा नागरी सुविधा कागदावर आल्या. आणि ज्या पाण्यासाठी घर सोडलं, त्यात नागपूरची घाण नाग नदीतून, कन्हानमार्गे येऊन मिसळते.

याच भंडारा जिल्ह्यात कोहळी समाजाच्या मंडळींनी दोन-तीनशे वर्षांपूर्वी तलाव खोदले. आज आपण त्या तलावांना मामा, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो. त्यांची देखभाल गावाच्या हातात होती, कारण पाणीही गावाचंच होतं. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झालं. पण तलाव सरकारकडे गेले आणि गाळाने भरत राहिले. तो गाळ काढायला किती खर्च आला असता? गोसेच्या तुलनेत नगण्य.

राज्यावरचं कर्ज २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात ९ लाख ३२ हजार कोटींच्या घरात दाखवलं आहे. त्यावरचं व्याज नहर पुरी झाली की नाही हे विचारत नाही. आणि आता याच गोसेचं पाणी बुलढाण्यातल्या नळगंगेपर्यंत नेण्याची, ८७ हजार कोटींची योजना मंजूर झाली आहे. बुलढाण्याच्या शेतकऱ्यालाही पाणी मिळावं, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण त्याआधी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर एक फळा लावा. या गावासाठी किती पैसा आला, किती हेक्टर भिजलं, कुठली पाटचारी कुणी अर्धवट सोडली. पवनी आणि लाखांदूर तालुक्यांतल्या ग्रामसभांनी हा ठराव येत्या सभेत घ्यावा.