पाय काढला, तरी ब्रेक सुटेना

उत्तनच्या किनाऱ्यावरून मासळी आणि बर्फ भरून निघालेली जुनी पिकअप काशिमीऱ्याला महामार्गावर येईपर्यंत जड वाटू लागते. ब्रेकचे पेडल कडक होते. गाडी थांबली की चाकातून जळका वास येतो. ब्रेक लागूनच राहिलेला असतो.

एकच चाक तापले, तर दोष बहुधा तिथेच. सपाट जागी, बाकीच्या चाकांना ठोकळे लावून ते जॅकवर उचलावे आणि ब्लीडर निपल किंचित सैल करावा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे फिरले, तर दाब आत अडकला होता. बरेचदा दोषी असते रबरी होज: बाहेरून धडधाकट, आतून फुगलेली. पेडलच्या जोराने ऑइल पुढे जाते, पण परतायला तेवढा जोर नसतो. चाक तरीही घट्टच राहिले, तर गंजलेला पिस्टन, कोरडी पडलेली कॅलिपर पिन किंवा मागच्या चाकात अडकलेली हँडब्रेकची केबल तपासावी. खाऱ्या हवेत हे भाग लवकर गंजतात.

सगळी चाके एकदम धरू लागली, तर मामला जास्त गंभीर. पुशरॉडला किंचितही मोकळीक नसेल, तर मास्टर सिलिंडरमधले परतीचे बारीक छिद्र झाकलेलेच राहते. तापलेले ऑइल प्रसरण पावते, त्याला वाट मिळत नाही आणि ब्रेक आपोआप आवळत जातो. गाडी थंड झाली की सुटतो. म्हणून गॅरेजात दोष सापडत नाही.

ब्रेक ऑइलच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल पडले असेल, तर रबरी सील फुगतात. मग नुसते ऑइल बदलून भागत नाही, सगळे रबर बदलावे लागते.