स्वस्त औषधाची महाग किंमत

हिंगोली जिल्ह्याच्या औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे नावाप्रमाणेच बाजाराचे गाव. बाजारात आलेला शेतकरी बियाणे हातावर घेऊन पाहतो, कापड चिमटीत धरून पारखतो आणि मापात खोट दिसली तर दुकानदाराला तिथल्या तिथे जाब विचारतो. तोच शेतकरी सरकारी दवाखान्याच्या खिडकीतून मिळालेली गोळी मात्र निमूटपणे गिळतो. तिच्यात काय आहे, हे पारखण्याचे साधन त्याच्याजवळ नसते. त्याच्याजवळ असतो तो केवळ विश्वास. सार्वजनिक आरोग्यसेवेतील भ्रष्टाचार पहिला घाला घालतो तो या विश्वासावर.

त्याचे सर्वांत दारुण उदाहरण महाराष्ट्रातच घडले. १९८६ च्या प्रारंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काही रुग्णांना मेंदूवरील व डोळ्यांतील दाब कमी करण्यासाठी ग्लिसरॉल देण्यात आले. त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली आणि चौदा रुग्ण दगावले. औषधाच्या नावाखाली आलेल्या त्या द्रवात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक वापराचे विषारी रसायन होते. दिसायला ते ग्लिसरॉलसारखेच रंगहीन, दाट आणि चवीला गोडसर. भावाने मात्र स्वस्त. पत्रकार जगन फडणीस यांनी हे प्रकरण लोकांसमोर आणले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्याच्या अहवालाने रुग्णालयाची खरेदी, औषध प्रशासनाचा कारभार आणि त्यातील राजकीय हस्तक्षेप यांवर कठोर ताशेरे ओढले. आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले.

या घटनेत एकच खलनायक शोधणे सोपे आहे. परंतु तसे करणे बोधाला मुकण्यासारखे आहे. पुरवठादार, खरेदी अधिकारी, भांडारपाल, तपासनीस अशा अनेक पायऱ्या ओलांडून औषध रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचते. प्रत्येक पायरीवर एक सही असते, आणि तिचा अर्थ ‘मी पाहिले’ असा असतो. ती न पाहता होऊ लागली की दहा सह्यांचे मोलही शून्य ठरते. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, त्या याचसाठी. दोन्ही एकाच्या हाती गेल्या, की तिजोरी उघडीच समजावी.

चार दशकांनंतरही हा रोग गेलेला नाही. २०१७ मध्ये राज्याच्या औषधखरेदीचे काम हाफकिन महामंडळाकडे एकवटले गेले. २०२३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. तरीही सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या प्रतिजैविकांच्या गोळ्यांत औषधाऐवजी टाल्कम पावडर आणि स्टार्च असल्याचे नागपूर ग्रामीण पोलिसांच्या तपासात पुढे आले. २०२४ मध्ये त्याचे आरोपपत्र दाखल झाले. मराठवाड्यात अंबाजोगाईच्या शासकीय रुग्णालयातही बनावट गोळ्यांचे प्रकरण उघडकीस आले. २०२५ मध्ये छिंदवाडा परिसरातील बालके खोकल्याच्या औषधाने दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार चालू होते. त्या औषधात आढळले तेच जुने डायएथिलीन ग्लायकॉल.

विष निदान बोट दाखवण्याजोगे असते. पिठुळ गोळीचा घात मूक असतो. ताप उतरत नाही. डॉक्टरांना वाटते, जंतू औषधाला दाद देत नाहीत. मग अधिक तीव्र, अधिक महाग औषध. औंढ्याहून हिंगोली, हिंगोलीहून नांदेड अशी वणवण सुरू होते. मजुरी बुडते, दागिना गहाण पडतो. लेखापरीक्षणात फार तर गोळ्यांची किंमत बुडाल्याची नोंद होईल. त्या कुटुंबाचे कर्ज कोणत्याही खतावणीत चढत नाही.

उपाय अज्ञात नाहीत. आलेल्या प्रत्येक बॅचचा नमुना स्वतंत्र प्रयोगशाळेकडे जावा आणि अहवाल येईपर्यंत तो साठा वाटपाला काढू नये. पुरवठादाराचे देयक त्या अहवालाशी जोडले जावे. बॅच क्रमांक, उत्पादक व साठा यांची माहिती दवाखान्याच्या फलकावर असावी. नागरिकांनी गोळ्यांचे वेष्टन जपून ठेवावे, औषधाने गुण न आल्यास ते डॉक्टरांना दाखवावे, आणि ग्रामसभेत किंवा माहितीच्या अधिकारात साठ्याचा हिशेब मागावा. प्रामाणिक डॉक्टर व परिचारिकांना अशा प्रश्नांचा आधारच वाटेल.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत आपल्या आचार्यांनी ‘प्रतिरूपक व्यवहार’ गणला आहे; चांगल्या मालात तसाच दिसणारा हलका माल मिसळून विकणे. व्यापारी समाजाला ही मर्यादा शतकानुशतके परिचित आहे. तुपात भेसळ करणारा गिऱ्हाइकाचा पैसा चोरतो. औषधात भेसळ करणारा, आणि ती दिसत असूनही सही करणारा, रुग्णाचे आयुष्य चोरतो. तिथे अचौर्य आणि अहिंसा ही दोन्ही व्रते एकाच वेळी मोडतात.