खताची गोणी आणि जूनची उधारी

पावसाळा तोंडावर आला की आपल्या मंडळींतून एक प्रश्न हमखास येतो: जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी शेतकऱ्यांना खताच्या गोण्या घेऊन दिल्या तर? प्रश्नामागची कळकळ खरी आहे. पण उत्तराआधी खत महागते म्हणजे नेमके काय होते, ते पाहू.

युरिया फारसा महागलेला नाही, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. त्याचा भाव सरकारने बांधून दिला आहे. 45 किलोची गोणी सुमारे 266 रुपयांना. डीएपीची 50 किलोची गोणी जादा अनुदान देऊन 1350 रुपयांवर रोखून धरली आहे. मिश्र खते आणि पोटॅश यांचे तसे नाही. 2010 पासून त्यांना ठरावीक अनुदान मिळते, विक्रीचा भाव कंपन्या ठरवतात. पोटॅश तर जवळजवळ सगळे परदेशातून येते. 2022 मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले, रशिया-बेलारूसचा पुरवठा अडखळला आणि त्याची झळ इथल्या खाचरापर्यंत आली. हाती पैसा थोडा असलेला शेतकरी मग स्वस्त युरियाच तेवढा टाकतो. भात हिरवेगार दिसते, पण लुसलुशीत वाढून लोळते आणि कीडही जास्त धरते.

शिवाय छापील भाव रोखीने घेणाऱ्यासाठी. जूनमध्ये घरात रोकड नसते आणि उधारीचा भाव गोणीवर छापलेला नसतो. जोडीला ‘लिंकिंग’: युरिया हवा, तर औषधाची ही बाटलीही घ्या. असे करायला बंदी आहे, पण उधारी मागणारा तक्रार कुठल्या तोंडाने करणार? भात झोडले की पहिली पोती देणे फेडण्यात जातात आणि उन्हाळ्यात तेच घर तांदूळ विकत आणते.

फुकट गोणीने एक पावसाळा निभतो. त्याहून मोठी बचत खत वाया न जाण्यात आहे. खाचरातल्या पाण्यावर फोकलेल्या युरियाचा बराच भाग वायू होऊन उडतो किंवा पाण्याबरोबर वाहून जातो. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत यावर उपाय आहे. युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची गोळी दर चार चुडांच्या मध्ये, लावणीच्याच दिवशी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचायची. एकरी साधारण 25 हजार गोळ्या, म्हणजे 68 किलो खत. तुसाची राख रोपवाटिकेत मिसळायची, भाताचा पेंढा नांगरणीत गाडायचा आणि चिखलणीत बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला. पाल्याला पैसे पडत नाहीत.

अडचणी आहेतच. ही पद्धत खाचरातल्या भातासाठी आहे, वरकस जमिनीतल्या नागली-वरईसाठी नाही. लावणी बहुतेक बायकांच्या हातची. खुणेच्या दोरीने लावताना पहिल्या वर्षी वेळ जास्त जातो आणि मजुरीचा दिवस बुडतो. हा बुडालेला दिवस आपण हिशेबात धरत नाही, म्हणून चांगल्या योजना दुसऱ्या वर्षी थांबतात.

तेव्हा उत्तर असे: गोण्या पाठवू नका, रोख पाठवा. गावातल्या बचत गटाकडून ती बिनव्याजी मिळाली, तर शेतकरी रोखीने, पावती मागून खत घेईल आणि भात विकल्यावर गटाला परत करील. तीच रक्कम पुढच्या वर्षी दुसऱ्या घराला मिळेल. त्यातला काही भाग दोरी, गोळ्या आणि बायकांच्या बुडालेल्या मजुरीसाठी वेगळा ठेवावा लागेल. खताची खरेदी मे महिन्यात उरकावी लागते, म्हणून देणगी एप्रिलअखेर पोहोचली तर उपयोगी पडेल. जूनमध्ये आलेली रक्कम उधारी झाल्यानंतर पोहोचते.