घड्याळ एक, वेळ दोन!

१९७९ साली बी.बी.सी. दूरचित्रवाणीने ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ ही हेरकथा सात भागांत दाखवली. तीत मारामारी फारशी नाही. वयस्क हेर जॉर्ज स्मायली कागद चाळतो, प्रश्न विचारतो आणि घरभेदी शोधतो. काही प्रेक्षक कंटाळले, तर काही खिळून बसले. असे का?

आपले लक्ष मर्यादित असते. ते धागे जुळवण्यात गुंतले, की तास भुर्रकन सरतो. धागा सुटला, की ते घड्याळाकडे वळते आणि मिनिटही लांबते.

करून पाहा! एक मिनिट झाले असे वाटताच हात वर करा. एकदा स्वस्थ बसून, एकदा गणिते सोडवताना. मित्र खरी वेळ टिपेल. गणिते सोडवताना हात बहुधा उशिरा वर जाईल.

वर्गात कंटाळा आला, तर आधी सुटलेला धागा शोधा!