मॉट प्रकीर्णन

जड मूलद्रव्यांच्या अणुकेंद्राजवळून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या स्पिनवर अवलंबून असलेल्या प्रकीर्णनास मॉट प्रकीर्णन असे म्हणतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ नेव्हिल मॉट यांनी १९२९ साली त्याचे सैद्धांतिक भाकीत केले. इलेक्ट्रॉन झोताचे स्पिन ध्रुवीकरण मोजण्यासाठी त्याचा उपयोग होतो.

कारण

इलेक्ट्रॉनाच्या दृष्टीने अणुकेंद्र गतिमान असते. त्यामुळे इलेक्ट्रॉनाला विद्युत क्षेत्राबरोबर चुंबकीय क्षेत्रही जाणवते. या क्षेत्राशी स्पिनची जी आंतरक्रिया होते, तिला स्पिन-कक्षा युग्मन म्हणतात. अणुकेंद्राच्या डाव्या व उजव्या बाजूने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा कक्षीय कोनीय संवेग परस्परविरुद्ध असतो. म्हणून समान स्पिन असलेल्या इलेक्ट्रॉनांवरील बल एका बाजूस किंचित वाढते, तर दुसऱ्या बाजूस घटते. परिणामी दोन्ही बाजूंना विखुरणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या असमान होते. अणुक्रमांक जितका मोठा, तितका हा परिणाम ठळक असतो. त्यामुळे सोने (७९) किंवा टंगस्टन (७४) यांसारखी मूलद्रव्ये वापरली जातात.

मापन

मुक्त इलेक्ट्रॉनांचे स्पिननुसार विभाजन स्टर्न-गेरलाख उपकरणाने करता येत नाही, कारण विद्युतभारामुळे होणारे विचलन स्पिनचा सूक्ष्म परिणाम झाकून टाकते. मॉट शोधकात इलेक्ट्रॉन सोन्याच्या पातळ पत्र्यावर आदळवून दोन्ही बाजूंची गणती करतात. गणतीतील फरकाला एकूण गणतीने भागले की असममिती मिळते. ही असममिती म्हणजे ध्रुवीकरण आणि शर्मन फलन यांचा गुणाकार होय. उदाहरणार्थ, १,००० पैकी ५३० इलेक्ट्रॉन डावीकडे व ४७० उजवीकडे गेल्यास असममिती ०.०६ येते. शर्मन फलनाचे मूल्य ०.२ असल्यास ध्रुवीकरण ३० टक्के ठरते. यात केवळ प्रकीर्णनाच्या प्रतलाला लंब असलेला स्पिनचा घटक मोजला जातो.

टंगस्टनच्या स्फटिकपृष्ठावर सुमारे १०० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचे विवर्तन घडवूनही असे मापन करता येते. मात्र पृष्ठभागावर वायूचे रेणू साचल्यास असममिती बदलते. त्यामुळे अतिउच्च निर्वात आवश्यक असतो आणि स्फटिक वारंवार तापवून स्वच्छ करावा लागतो.

इतिहास व महत्त्व

शल, चेस व मायर्स यांनी १९४३ साली सोन्याच्या दोन पत्र्यांवरून क्रमाने प्रकीर्णन घडवून मॉट यांच्या भाकिताला दुजोरा दिला. १९५७ साली कोबाल्ट-६० मधून बाहेर पडणाऱ्या बीटा कणांचे ध्रुवीकरण याच पद्धतीने मोजले गेले. क्षीण आंतरक्रियेत डावे-उजवे साम्य पाळले जात नाही, या निष्कर्षाला त्यामुळे पुष्टी मिळाली. आज चुंबकीय पदार्थांच्या पृष्ठभागातून उत्सर्जित होणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या स्पिनचा अभ्यासही मॉट शोधकाद्वारे केला जातो.